राजाश्रय सुटल्यावर

राज्ये कधी खालसा झाली, यांच्या सनावळ्या आपण सर्वांनी शाळेत घोकलेल्या असतात. साताऱ्याचे राज्य १८४८ साली गेले, झाशीचे १८५४ साली. परंतु खालसा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाड्यात काय झाले, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. बहुधा काहीच झाले नसावे. विहिरीवर रहाट फिरला असेल, देवघरात दिवा लागला असेल. फरक पडतो तो सावकाश. एखाद्या वादळात छपराचे कौल निसटते आणि ते पुन्हा बसवणे हे कोणाचे काम, याचे उत्तर देणारा माणूस उरलेला नसतो. पुढचे काम पाऊस करतो.

दिवाळीच्या फराळाबरोबर आज मी वाचकांपुढे अशाच एका खालसा झालेल्या राज्याची हकिकत मांडणार आहे. या राज्याला गादी नव्हती, फौज नव्हती, पण त्याची प्रजा जगभर पसरलेली होती, आणि त्या प्रजेत आपण मराठी माणसेही होतो. २५ ऑक्टोबर २००१ रोजी ते स्थापन झाले आणि ८ एप्रिल २०१४ रोजी त्याचा आश्रय काढून घेण्यात आला. त्याचे नाव विंडोज एक्सपी. हिरवे माळरान आणि वर निळे आभाळ, असे त्याचे चित्र अनेकांना आठवत असेल. मी संगणकशास्त्री नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा शिक्षकाचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. परंतु इतिहास शिकवणाऱ्याला ओसाड वाड्यांची सवय असते, आणि हा वाडा मी माझ्या डोळ्यांदेखत ओसाड पडताना पाहिला आहे.

प्रथम राज्य म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. संगणकाची पेटी ही नुसती पेटी. तिच्यात अक्षरे कोठे ठेवायची, छापखान्याच्या यंत्राशी कसे बोलायचे, कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे सारे पाहणारा एक दिवाणजी आत बसलेला असतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. हा दिवाणजी हाडामांसाचा नाही. तो कोट्यवधी ओळींच्या आज्ञांचा बनलेला आहे. इतक्या ओळी माणसांनी लिहिल्या म्हणजे त्यांत चुका राहणारच. कोठे कडी ढिली, कोठे भिंतीला भोक. चोरांना ती भोके सापडतात, तशी ती कंपनीच्या कारागिरांनाही सापडतात. कारागीर मग ठिगळ तयार करतात आणि ते घरोघरच्या संगणकांना पाठवतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा तर यासाठी वारच ठरलेला आहे : महिन्याचा दुसरा मंगळवार. हे ठिगळ लावण्याचे काम चालू असते तोवर प्रणालीला आधार आहे असे म्हणतात. ते थांबले म्हणजे आधार सुटला. यंत्र बंद पडत नाही. दिवाणजीही जागच्या जागी बसून राहतो. मात्र त्याच्या पाठीशी आता कोणी नाही.

आश्रय सुटणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी मला संगणकापर्यंत जावे लागले नव्हते. मी राहतो त्या नालासोपाऱ्याच्या मातीतच तो धडा पुरलेला आहे. आज विरार लोकलच्या गर्दीसाठी ओळखले जाणारे हे गाव एके काळी शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. परदेशी गलबते येथे लागत, येथून माल देशावर जाई. बंदर ही नुसती जागा नव्हे, ती सततची मशागत आहे. खाडी रोज गाळ आणते. तो उपसणारे हात आणि त्या हातांना पोसणारा व्यापार असेल तोवरच बंदर. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, गलबतांनी दुसऱ्या वाटा धरल्या, आणि बंदर कोणत्याही लढाईवाचून इतिहासजमा झाले.

याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. आत स्तूप निघाला, दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडा आणि बुद्धमूर्ती सापडल्या. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही येथे मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या शासनाचा तुकडा हाती आला. सम्राटाने इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या प्रजेला उद्देशून कोरवलेला तो मजकूर आहे. प्रजेने येता-जाता वाचावा, म्हणून तो दगडावर घातलेला.

आता गंमत पाहा. दगड टिकला, अक्षर टिकले, परंतु वाचणारा टिकला नाही. ब्राह्मी लिपी बदलत बदलत तिच्या नाती-पणतींच्या रूपाने देशभर नांदत राहिली, आपली बाळबोधही त्यांतलीच. पण मूळ आजीचा चेहरा कोणाला ओळखता येईना. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीस आणवले. विद्वान ब्राह्मणांना बोलावले. कोणालाही त्यावरचे एक अक्षर लागले नाही. ज्या दगडावर राजाची आज्ञा होती, तो दगड नुसता दगड होऊन बसला. १८३७ साली कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपने ही कोंडी फोडली. सांचीच्या कठड्यांवरील कितीतरी लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, असे त्याला दिसले. देणगीदारांची नावे असतील, तर शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे, असा त्याने तर्क केला, आणि त्या धाग्यावरून सारी लिपी उलगडली. म्हणून १८८२ साली सोपाऱ्याचा तुकडा सापडला तेव्हा तो वाचता आला. पन्नास वर्षे आधी सापडता, तर गावकऱ्यांनी त्यावर कपडे धुतले असते.

एक्सपीच्या राज्याकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की वस्तू नष्ट होणे आणि वस्तूचा आधार नष्ट होणे हे दोन वेगळे मृत्यू आहेत. पहिला दिसतो, दुसरा दिसत नाही.

२००१ हे साल महाराष्ट्राच्या घराघरांत संगणक शिरण्याच्या काळातले. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन त्याच साली स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमासाठी गावोगावी केंद्रे निघाली. सरकारी कारकुनापासून लग्नाच्या मुलीपर्यंत सर्वांनी ते प्रमाणपत्र मिळवले. माउस कसा धरावा, हे त्या पिढीने ज्या पडद्यावर शिकले, तो बहुतेक ठिकाणी एक्सपीचाच होता. स्टेशनाबाहेरील सायबर कॅफेत तोच, बँकेच्या खिडकीमागे तोच, डॉक्टरांच्या दवाखान्यात तोच. पैसे देणाऱ्या एटीएम यंत्राच्या पोटातही पुष्कळ ठिकाणी तोच दिवाणजी बसलेला असे.

मराठीच्या दृष्टीने तर या राज्याचे एक वेगळेच महत्त्व आहे. त्यापूर्वी संगणकाला मराठी येत नव्हती. आपण त्याला मराठी येते असे भासवत होतो. हे कसे, ते थोडे नीट सांगतो, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. इंग्रजी अक्षरांना ठरलेले आकडे होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तेथे आणि मॉड्युलर इन्फोटेकसारख्या पुण्यातील खाजगी कंपन्यांत मराठी अक्षरे पडद्यावर आणण्याचे मोलाचे काम झाले. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली 'इस्की' हे मानकही जाहीर झाले. परंतु छपाईच्या बाजारात जी रीत रूढ झाली ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र चढवायचे. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहीत आहो. डोळ्यांना दिसे मराठी. रोमन अक्षराच्या खुर्चीवर 'क' बसवलेला. त्यात प्रत्येक कंपनीची आसनव्यवस्था निराळी. एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला, की लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांची पाने अदलाबदल व्हावीत तसा गोंधळ. फाँटच नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे यांची नुसती खिचडी.

याला उपाय म्हणून जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा आकडा देणारी युनिकोड ही योजना पुढे आली. तिच्यात आपल्या 'क'चा आकडा २३२५. तो दिल्लीतही २३२५, टोकियोतही २३२५. विंडोज २००० आणि पाठोपाठ एक्सपी यांनी ही योजना मराठीसाठी पत्करली. एक्सपीत ती सोय मुद्दाम तबकडी घालून चालू करावी लागे, पण ती होती. आणि तिच्यासोबत जो देवनागरी टाइप आला, त्याचे नाव 'मंगल'. तो घडवला कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी. भुईगावला सापडलेल्या अशोकाच्या नवव्या शासनाचा विषयही मंगल हाच आहे : लोक नाना तऱ्हेची मंगलकार्ये करतात, पण खरे मंगल कोणते, याची त्यात चर्चा आहे. योगायोगच हा, पण सोपाऱ्याच्या माणसाला तो गोड वाटल्यावाचून राहात नाही.

असे हे राज्य. कंपनीने त्याचा शेवट अचानक केला नाही, हेही सांगितले पाहिजे. २००९ सालापासून नव्या सोयी देणे थांबले होते. पुढची पाच वर्षे केवळ ठिगळे येत होती. तारीख फार आधी जाहीर झाली होती. परंतु जाहीर झालेली तारीख आणि आपण, यांचा संबंध वीज बिलाच्या शेवटच्या दिवसाइतकाच. ब्रिटिश सरकारचीही गत निराळी नव्हती. आपली कचेऱ्यांतली यंत्रे वेळेत बदलली नाहीत, म्हणून आणखी एका वर्षाच्या ठिगळांसाठी त्याने कंपनीला सुमारे ५५ लाख पौंड मोजले.

८ एप्रिल २०१४ ही तारीख आली आणि गेली. ९ तारखेला सकाळी यंत्रे सुरू झाली. हिरवे माळरान दिसले. ज्यांनी भीती घातली होती, ते लोकांच्या चेष्टेचा विषय झाले. बघा, काय झाले? काही नाही! माझ्याही कानांवर हे उद्गार आले.

मग पाऊस सुरू झाला. पहिली गोष्ट भोकांची. एक्सपी आणि तिच्यानंतरच्या विंडोज प्रणाली एकाच घराण्यातल्या. भिंती पुष्कळशा सारख्याच. नव्या प्रणालीच्या एखाद्या भिंतीला कंपनीने ठिगळ लावले, की चोर ते ठिगळ पाहून ओळखतो, येथे भोक होते. आणि तेच भोक जुन्या वाड्यात असले, तर ते कायमचे उघडे राहणार. म्हणजे नव्याची दुरुस्ती हाच जुन्याच्या चोरवाटेचा नकाशा. दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. दिवाणजी एकटा नसतो. त्याच्यावर भरवसा ठेवून इतर कारागीर आपली कामे करतात. ते एकेक करून उठून गेले. २०१६ साली गूगलच्या क्रोम ब्राउझरने एक्सपीची साथ सोडली, २०१८ साली फायरफॉक्सने. नवा प्रिंटर आणला तर त्याला जुन्या दिवाणजीची भाषा येईना. संकेतस्थळांनी आपली कुलपे बदलली, जुन्या किल्ल्या लागेनात. यंत्र ठणठणीत, पण गावात त्याच्याशी बोलायला कोणी उरले नाही.

पैशांच्या यंत्रांची चिंता रिझर्व्ह बँकेला लागून राहिली होती. आधार सुटून तीन वर्षे झाल्यावर, एप्रिल २०१७ मध्ये, तिने बँकांना याविषयी लिहिले. तरीही काम रेंगाळले. शेवटी २१ जून २०१८ रोजी तिने हप्तेच बांधून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम नव्या प्रणालीवर न्या, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व. राज्य खालसा होऊन पाच वर्षे उलटली, तरी त्याच्या नावाने तिजोऱ्या उघडत होत्या, असा याचा अर्थ.

दरम्यान २०१७ साल उजाडले होते. विंडोजच्या भिंतीतील एक भोक अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने हेरून स्वतःपाशी ठेवले होते. ते गुपित फुटले. कंपनीने मार्चमध्ये ठिगळ काढले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा दरोडा सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर पडला. कागदपत्रे कुलपात घालायची आणि खंडणी मागायची, अशी त्याची तऱ्हा. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत रोग्यांना परत पाठवावे लागले. त्या वेळी कंपनीने एक अपूर्व गोष्ट केली : तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही तिने ठिगळ काढून फुकट वाटले. येथे एक सत्य सांगणे भाग आहे. त्या दरोड्यात सर्वांत अधिक सापडली ती एक्सपीची यंत्रे नव्हेत, तर विंडोज ७ची. तिला आधार होता. मार्चचे ठिगळही आलेले होते. धन्यांनी ते लावलेच नव्हते. औषध दारात येऊन पडणे आणि ते घेणे, यांत अंतर आहे.

दीड महिन्याने, २७ जूनला, दुसरा तडाखा बसला आणि तो थेट आपल्या किनाऱ्याला लागला. 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक निकामी केले. आपल्या न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक धक्का याच उद्योगसमूहाकडे होता. तेथले काम ठप्प झाले आणि जमेल तेवढे हाताने करण्याची पाळी आली. कोणता डबा कोणत्या जहाजावर, हे सांगणारा दिवाणजीच मुका झालेला. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितले. यातील विचित्र भाग असा, की हा घातकी प्रोग्राम पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या ठिगळातून. म्हणजे आधार देणारा हातच चोराने पकडला होता. खाडीच्या गाळाने सोपाऱ्याचे बंदर मारायला शतके घेतली. या नव्या गाळाने दुसऱ्या बंदराचा धक्का एका दिवसात थांबवला.

परंतु या साऱ्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. जे नुकसान बातमीत आले नाही, ते मला अधिक जवळचे आहे. ते आपल्या मराठी अक्षरांचे नुकसान.

१९९० च्या सुमारापासून पुढची वीस-पंचवीस वर्षे मराठी पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तके, पतपेढ्यांचे अहवाल हे सारे त्या 'चित्र चढवलेल्या' फाँटांत जुळवले गेले. पाने लावायची ती पेजमेकर या सॉफ्टवेअरवर. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. युनिकोड त्याला कधीच आले नाही. ते आणि एक्सपी, यांची जोडी छापखान्यांत वर्षानुवर्षे सुखाने नांदली. एक्सपीचा आश्रय सुटला, तेव्हा या जोडीवर उभे असलेले सारे साहित्य एका जुन्या यंत्राच्या आयुष्याला बांधले गेले. काही सॉफ्टवेअरला संगणकामागे खोचायचे छोटे कुलूप लागे. नव्या यंत्रांना ते खोचायची जागाच नाही. त्याहून जुने प्रोग्राम तर नव्या चौसष्ट बिटी विंडोजवर उघडतच नाहीत.

माझ्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायचे ठरले, तेव्हा हे सारे माझ्या घरचे प्रकरण झाले. प्रकाशकांनी तबकडी जपून ठेवली होती. तबकडी चालली, फाइल उघडली, आणि माझ्या नायिकेचे बोलणे रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे आणि डॉलर यांच्या रांगा होऊन पडद्यावर आले. तीनशे पानांत एक शब्द वाचता येईना. फिरोजशहाच्या पंडितांना काय वाटले असेल, ते मला त्या दिवशी कळले. शेवटी मूळ पुस्तक जुळवणारे गृहस्थ सापडले. वय साठीच्या पुढचे. त्यांच्या खोलीत कोपऱ्यात एक एक्सपीचे यंत्र कापड घालून ठेवलेले होते. इंटरनेटची तार त्यांनी कधीच काढून टाकली होती. "गुरुजी, याला बाहेरची हवा लागू द्यायची नाही. सोवळ्यात आहे," ते म्हणाले. त्यांनी फाइल उघडली, मजकूर काढला, एका प्रोग्रामने युनिकोडमध्ये फिरवला. तरी जोडाक्षरे फुटली, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, ऱ्हस्व वेलांट्या पुढच्या अक्षराला चिकटल्या. कोणत्या फाँटात कोणती खोड, हे त्यांना तोंडपाठ होते. "हा फाँट 'ष्ट'ला नेहमी दगा देतो," असे ते एखाद्या खोडकर मुलाबद्दल बोलावे तसे बोलत. छापील प्रत समोर ठेवून आम्ही दोघांनी तीन आठवडे ती कादंबरी पुन्हा वाचून काढली. सुटले एकदाचे. निघताना मी विचारले, "हे काम येणारे आणखी कोण आहेत?" ते म्हणाले, "आमच्यातले पुष्कळ जण आता दुसऱ्या धंद्यात गेले. काही गावी गेले."

कादंबरी वाचली ती तबकडीमुळे नाही आणि यंत्रामुळेही नाही. जुने आणि नवे दोन्ही जाणणारा एक माणूस जिवंत होता, म्हणून. मला वाटते, या विषयातील सारा इतिहास या एका गोष्टीवर फिरतो. मोडी लिपीचेच पाहा. शतकानुशतके मराठ्यांचा कारभार मोडीत चालला. २५ जुलै १९१७ रोजी मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभाराची मुख्य लिपी म्हणून तिच्या जागी बाळबोध आणली. राजाश्रय सुटला. परंतु मोडी एका दिवसात मेली नाही. शाळांत ती पुढेही काही दशके शिकवली जात होती. १९४०च्या दशकापर्यंत जुनी माणसे खाजगी पत्रे आणि हिशेब मोडीतच लिहीत. या दोन पिढ्यांच्या अवधीत दोन्ही लिप्या जाणणारी माणसे आपल्यांत होती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करू शकले. रियासतकार सरदेसाई पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध करू शकले, ते यामुळेच. ब्राह्मीला असे दुभाषे उरले नव्हते, म्हणून तिला प्रिन्सेपच्या तर्कशक्तीची वाट पाहावी लागली.

आणि मोडीची गरज संपली असे ज्यांना वाटले होते, त्यांना २०२३ सालाने उत्तर दिले. त्या वर्षी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली. तहसिलांतली जुनी दप्तरे उघडली, तेव्हा पुष्कळ नोंदी मोडीत निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांचा जिल्ह्याजिल्ह्यांत शोध सुरू झाला. माणसाची जात, जमीन, वारसा हे ज्या अक्षरात अडकलेले, ते अक्षर वाचणारा ऐन वेळी शोधावा लागतो, याहून आधार सुटण्याची किंमत अधिक स्पष्ट कशी सांगावी?

२०१४ साल या बाबतीत मोठे विलक्षण होते. एप्रिलमध्ये एक्सपीचा आश्रय सुटला, आणि जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला तिचे कायमचे आकडे मिळाले. ब्राह्मीला ते २०१० सालीच मिळाले होते. ज्यांचे राज्य केव्हाच गेले, त्या दोन म्हाताऱ्यांना नव्या दरबारात खुर्ची मिळाली, आणि त्यांच्यासमोर कालचा तरुण उठून चालता झाला. आमच्या नालासोपाऱ्याचा जिल्हाही त्याच वर्षी बदलला : १ ऑगस्टला ठाण्याचे आम्ही पालघरचे झालो.

या घराण्यात पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. विंडोज ७चा आश्रय १४ जानेवारी २०२० रोजी सुटला. विंडोज १० आली तेव्हा, २०१५ साली, कंपनीच्याच एका माणसाने ही शेवटची विंडोज असे म्हटले होते. तिचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्या वर्षीच्या दिवाळीच्या ऐन तोंडावर, संपला. घरगुती संगणकांना ठिगळांची आणखी एका वर्षाची सवलत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्यात आली. पुढची प्रणाली विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही. तिला विशिष्ट सुरक्षा-चकती आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे या वेळी दिवाणजीबरोबर धडधाकट वाडाही पाडायचा. कंपनीची बाजू अगदीच खोटी नाही : पंचवीस वर्षांपूर्वीच्या भिंतीला कोणी जन्मभर ठिगळे लावीत बसणार नाही, आणि कारागिरांचा पगार कोठून तरी यावा लागतो. लिनक्ससारख्या खुल्या प्रणाली आहेत. त्यांचा आराखडा सर्वांना खुला असल्यामुळे मूळ कारागीर गेला तरी दुसऱ्याला काम हाती घेता येते. पण तेथेही हात लागतातच. खुल्या विहिरीचा गाळसुद्धा आपोआप निघत नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत आपण पितळेची भांडी घासतो, माळे झाडतो. माळ्यावरच्या त्या जुन्या संगणकाकडेही एकदा पाहावे, असे माझे सांगणे आहे. त्याच्यात आजोबांनी जुळवून घेतलेली वंशावळ असेल, आईच्या कवितांची फाइल असेल, वाचनालयाच्या पन्नास वर्षांचा अहवाल असेल. ते इंटरनेटला जोडू नये. आतला मजकूर काढून घ्यावा, युनिकोडमध्ये फिरवून घ्यावा, फाँटाचे नाव लिहून ठेवावे, आणि एक प्रत कागदावर छापून ठेवावी. कागदाला दिवाणजी लागत नाही. महत्त्वाचे म्हणजे आपल्या गावातला जुना जुळारी, डीटीपीचे काम करणारा तो गृहस्थ कोठे आहे, याची चौकशी करावी आणि त्याच्या हाताखाली घरातला एखादा तरुण दोन दिवस बसवावा. अशोकाचा दगड दोन हजार वर्षे वाट पाहू शकला. तबकडीला तेवढा धीर नाही, आणि साठी उलटलेल्या माणसालाही नाही.